गीताबाईनं शोधलेला रूळ

शिरवाडीची गीताबाई कधी कुणापुढं मान खाली घालून चालली नाही. नवरा महादू गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता त्यानं उभी केलेली भातगिरण बंद पडणार. सुतक फिटलं तशी बाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, पट्टा स्वतः चढवला आणि इंजिन सुरू केलं. तिच्या गिरणीत तांदूळ तुटत नाही, असं मुरबाडच्या बाजारातही बोललं जायचं. डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया डोक्यावर भात घेऊन उतरत, ओट्यावर टेकत, आणि तांदूळ होईपर्यंत अख्ख्या खोऱ्याची सुखदुःखं तिथं सांडत.

दोन हजार सहा साली, लवकर पिकणारं हळवं भात खळ्यावर आलेलं असताना, गिरणीतला भात सोलणारा ओतीव बिडाचा रूळ उभा तडकला. मुरबाड झालं, शहापूर झालं, कल्याणची दुकानं झाली. यंत्र जुनं, त्याचं माप कशाशी जुळेना. धाकटा दीर भिमा भंगारवाल्यालाच घेऊन दारात आला. लोखंडाला गंज चढायच्या आत देऊन टाकावं, असं त्याचं म्हणणं. गीताबाईनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत गिरण चालू झाली नाही तर मी माझ्या हातानं गाडीत चढवून देईन. बोलून गेली खरी, पण तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मुरबाडच्या एसटी स्टँडमागं योगिनी नावाच्या मुलीचं सायबर कॅफे होतं. पोरं तिथं निकाल बघायला जात. कॉम्प्युटरवर जगातलं काहीही सापडतं, हे गीताबाईच्या कानावर होतं. ती जीपनं गेली, खुर्चीत ताठ बसली, आणि परगावच्या माणसाला विचारावं तसं विचारू लागली. आधी आपण कोण, कुठले, कुणाच्या घरातले, मग गिरण कुणी घातली, मग रूळ. योगिनीनं सगळं मुकाट टाइप केलं. पडद्यावर लग्नं जुळवणारे आले, भाताच्या पाककृती आल्या.

"मावशी, याला ख्यालीखुशाली कळत नाय," योगिनी हसून म्हणाली. "नुसते कामाचे शब्द सांगा."

गीताबाईनं पदराची गाठ सोडली. गिरणीवरची पितळी पट्टी ती स्क्रू काढून घेऊन आली होती. कारखान्याच्या नावात पहिला शब्द 'न्यू', शेवटी 'इंजिनिअरिंग वर्क्स', आणि मधला शब्द कोंड्यानं घासून सपाट झालेला. योगिनीनं नाव अवतरणचिन्हांत घातलं. तसं केलं की शब्द एका दाव्याला बांधलेल्या बैलांसारखे त्याच क्रमानं राहतात, असं तिनं समजावलं. मधल्या शब्दाच्या जागी तिनं एक चांदणी टाकली.

"ही कशाला गो?"

"इथं एक शब्द हाय, पण आपल्याला ठावा नाय, असं सांगते."

गीताबाईनं पडद्यावरच्या चांदणीवर बोट ठेवलं. "म्हंजे पंगतीत एक पान मोकळं ठेवलंस. ज्याचं असल तो येऊन बसल."

बसायला मात्र गाव लोटलं. न्यू अमुक, न्यू तमुक. पंप करणारे, बसची बांधणी करणारे, नोकरीच्या जाहिराती. नको त्या शब्दाआधी उणेची रेघ दिली की तो बाजूला होतो, असं योगिनी म्हणाली. पण इथं बाई अडली. तिच्या दारातून कुणी आल्या पावली गेलेलं नव्हतं. आलेल्यांना निदान बघू तरी, असा तिचा हट्ट. मग एकेक पान उघडत दोघी दुपारभर बसल्या. रूळ कुणाकडंच नव्हता.

शेवटी गीताबाईच बोलली, "सुपात घेतलं म्हंजे पाखडायलाबी पायजे. पंप उडव. बसगाड्या उडव."

नोकरीच्या शब्दाआधीची रेघ तिनं आपल्या बोटानं दिली. सूप हलकं झालं. खाली मोजकेच दाणे राहिले, आणि त्यांतल्या एका पानावर बेळगावकडच्या एका ओतकामवाल्यानं लिहिलं होतं, की बंद पडलेल्या 'न्यू गोदावरी इंजिनिअरिंग वर्क्स'च्या भातगिरण्यांचे साचे त्याच्याकडं आहेत.

योगिनीनं नाव मोठ्यानं वाचलं. गीताबाईनं पितळी पट्टी तिरपी धरली, उजेडात अंगठा फिरवला. घासलेल्या जागी 'गो'ची कड लागली. उठून तिनं योगिनीच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. मग एसटीडीच्या खोलीत जाऊन त्या माणसाला तडकलेल्या रुळाचं माप असं खणखणीत सांगितलं, की बाहेरची माणसंही ऐकत उभी राहिली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी रूळ कल्याणला उतरला. एसटीच्या टपावर बसून तो गावात आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाची धडधड खोऱ्याच्या पार टोकापर्यंत गेली. बाया डोंगरावरून उतरू लागल्या.

दुपारी भिमा खांद्यावर भाताचं पोतं घेऊन आला. रांगेच्या कडेनं सरळ आत शिरला.

"वयनी, माझं घे आधी. पाव्हणे येनार."

गीताबाईनं पट्ट्यावरची नजर हलवली नाही.

"भावजी, त्या शेवटच्या पारूच्या मागं उभं रा. गिरण आता कुटं जात नाय."

ओट्यावर हसू फुटलं. भिमानं पोतं खाली ठेवलं आणि पारूच्या मागं जाऊन उभा राहिला.