भोंग्याचा कार्बोरेटर

भोंगा मेकॅनिक इंजिनाची पारख कानाने करायचा. गाडी गॅरेजात उभी, बॉनेट उघडं आणि अ‍ॅक्सिलरेटर पार दाबलेला. शेजारच्यांनी कानांवर हात ठेवले की याचा चेहरा खुलायचा. उभ्या गाडीचा आवाज ऐकून तिला हवा-पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर निवडणं म्हणजे घोरणं ऐकून जावई निवडणं. पण ‘मोठं ते चांगलं’ एवढ्या एका अकलेवर त्याने सगळा जन्म काढला होता, आणि तीही त्याची स्वतःची नव्हतीच.

लेकीला दूध डेअरीत व्हॅन चालवायची नोकरी लागली होती. सोमवारी कामावर जाताना परवाना दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. परीक्षा घरच्याच चिमुकल्या गाडीवर द्यायची होती. तेवढ्यात बापाला मायेचा उमाळा आला आणि त्याने भंगारातल्या एका लांबलचक मोटारीचा दोन तोंडांचा कार्बोरेटर आणून तिच्या गाडीवर चढवला.

“बाबा, एवढ्याशा इंजिनाला एवढा घसा कशाला?”

“तू गप. आवाज ऐकूनच इन्स्पेक्टरने सही ठोकली पाहिजे!”

सही राहिली बाजूला. परीक्षेत चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती. लेकीने हँडब्रेक सोडला, पायाने अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला. गाडी खोकली आणि मेली. पुन्हा चालू केली, पुन्हा मेली.

“शुक्रवारी या,” इन्स्पेक्टर म्हणाला, “आणि गाडी धड आणा.”

घरी आल्यावर बापाने निकाल दिला, “पाय जड आहे तुझा. नाचता येईना अंगण वाकडं!”

इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारा कमरेवर हात ठेवून उभा होता. बोळातून वारा सुसाट जातो, मैदानात रेंगाळतो. एवढं तर पतंग उडवणाऱ्या पोरालाही कळतं. लहान इंजिन हवा ओढून ओढून ओढणार किती? त्या रुंद घशात हवेला वेगच येईना, मग तिच्याबरोबर पेट्रोल कुठून येणार? गाडी पिटाळली तर पळेल. हळू चालवायची म्हटलं की मान टाकेल.

लेक वाद घालायला निघाली, तर आईने अडवलं. “भिंतीवर डोकं आपटून भिंत शहाणी होते का? हे दुपारी आडवे झाले की जुना बसव.”

जुना कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात पडला होता. लेकीने तो पुसला, बसवला, आणि मग बापाने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं: गाडी मागच्या चढावर नेऊन मुंगीच्या पावलांनी चालवून पाहिली. गाडी निमूट चढली.

शुक्रवारी परवाना मिळाला. ती परतली तेव्हा भोंगा एका गिऱ्हाइकासमोर छाती काढून उभा होता.

“बघितलंत? माझ्या कार्बोरेटरने लेकीला पास केलं! तुमच्याही गाडीला तसाच बसवतो.”

“बाबा, तुमचा कार्बोरेटर पलंगाखाली आहे,” म्हणत लेकीने बॉनेट उघडलं.

गिऱ्हाइकाने आत डोकावून पाहिलं. “ताई, माझी गाडी तुम्हीच बघाल का?”

“मी सोमवारपासून कामावर. तुमच्या गाडीत जो आहे तोच राहू द्या.”

गिऱ्हाइकाने आपली गाडी बाहेर काढली. भोंगा इंजिनावर वाकला. आता तरी लाज वाटेल, असं दारात उभ्या आईला उगाच वाटून गेलं.

“तरीच,” तो म्हणाला, “गाडी आत आली तेव्हाच मला आवाज बसल्यासारखा वाटला होता.”