पौलाचे तंबू आणि माझे बारा

येशूचा शिष्य पेत्र, त्याने एका प्रवचनात तीन हजार माणसं प्रभूकडे आणली. मला तीन वर्षांत एक माणूस जागचा हलवता आला नाही.

तो माणूस म्हणजे पळसदरीच्या धरणाजवळच्या शेताचे मालक, काका. त्यांच्याच शेतात मुक्कामी पाहुण्यांसाठी मी भाड्याने देतो ते माझे बारा तंबू उभे असतात.

रविवारी संध्याकाळी भिसेगावात आमची दहा-बारा घरांची प्रार्थना भरते. येशूचा प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा आणि जाईल तिथे ख्रिस्ताची सुवार्ता सांगायचा, हे तिथे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. तंबू तर माझ्याकडेही होते! काकांना एकदा तरी प्रार्थनेला आणीन, असं सगळ्यांसमोर छातीठोक सांगून बसलो.

मग काय, काका म्हैस धूत असोत की बांध घालत असोत, मी सुरू. आवाज असा, की धरणातले मासे पलीकडच्या काठाला राहायला गेले. म्हशीला निम्मं प्रवचन पाठ झालं. काका मात्र दर वेळी म्हणायचे, येऊ कवातरी.

एका दुपारी वाऱ्याने दोन तंबू फाटले. मी बोलत बोलतच ते काकांच्या पडवीत नेऊन टाकले. काकांनी गोणपाट शिवायचा दाभण काढला.

"तुजा तो पौल तंबू सोता शिवायचा ना रं?"

मी म्हटलं, हो तर, स्वतःच्या हाताने.

"मग तू का नाय शिवत? आजवर तुज्या माघारी तुजे समदे मीच शिवतोय."

आणि मी समजत होतो, माल मजबूत आहे! मुकाट्याने दुसरा दाभण घेतला. दीड तास बोललो नाही. दाभण सतरा वेळा बोटात गेला तेव्हाही नाही. पौलाकडे तरी कुठे भोंगा होता? असंच शेजारी बसून टाके घालता घालता त्याने माणसं जोडली असतील.

शेवटी काकांनीच विचारलं, "आता सांग. का जातोस तितं?"

चाळीस मिनिटांचं प्रवचन तयार होतं. निघालं एवढंच, की बायको दवाखान्यात होती तेव्हा प्रार्थनेतल्या माणसांनी दोन महिने डबा पोचवला. असं वागायला त्यांना कोणी शिकवलं ते बघायला गेलो, आणि येशू भेटला.

काकांनी गाठ मारून दोरा दातांनी तोडला. "एवढंच व्हतं, तर तीन वर्सं वरडत का व्हतास?"

त्या रविवारी काका आले. प्रवचन नेमकं माझंच होतं. मागे बसून त्यांनी आमची फाटकी सतरंजी न्याहाळली आणि खिशातून दाभण काढला.

मी बोलणं आवरतं घेतलं आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.