नकाशा माझ्या हातात असताना

किस्से जमवावे लागत नाहीत. माझं तेलगावात हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं सुटे नट-बोल्ट कसे आपोआप साठत जातात, कुणी मागत नाही आणि टाकवतही नाहीत, तसेच आमच्या घरात माझ्या वाट चुकण्याचे किस्से साठलेत. आता गिऱ्हाईक बिजागरी घेतं आणि जाता जाता विचारतं, "शेठ, या रविवारी कुठं हरवणार?"

सुरुवात श्रुतीनं केली. श्रुती म्हणजे माझी मुलगी. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, पुढं शिकायला पुण्याला जाणार. दिवाळी झाल्यावर म्हणाली, "पप्पा, मी जायच्या आधी आपण तंबू घेऊन डोंगरात राहून येऊ. चार-सहा वेळा तरी."

मी लगेच हो म्हणालो. वर हेही म्हणालो की, डोंगरात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा नकाशा वाचायला मी शिकतो. बायको, मंगल, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमाला बीडच्या बसस्टँडातनं बाहेर यायची वाट सापडत न्हाई."

पण मी ठरवलं होतं.

---

पहिली गरज कंपासची. मंगलचा भाऊ अंकुश कामाला गेवराईला चालला होता. त्याला फोन केला, "येताना एक चांगला कंपास आण. भारीतला."

संध्याकाळी अंकुश आला. त्यानं पिशवीतनं झाकणावर मोटारीचं चित्र असलेली पत्र्याची कंपासपेटी काढली.

"अरे, दिशा दाखवणारा कंपास सांगितला होता."

अंकुशनं पेटी उघडून बघितली, जरा विचार केला आणि म्हणाला, "दाजी, कोनमापक हाय की यात. कर्कटक बी हाय."

---

शेवटी श्रुतीनं खरा कंपास ऑनलाइन मागवला. मी रोज दुकानात सराव करू लागलो. गल्ल्यावर बसलो की उत्तर खिळ्यांच्या खोक्याकडं. दारात उभा राहिलो की उत्तर शटरकडं. आत गेलो की सळयांकडं. आठवडाभर हेच. मी चिडून पार्सल परत पाठवायला बांधून ठेवलं. चायना माल, दुसरं काय!

श्रुती डबा घेऊन आली होती. तिनं पार्सल बघितलं, दुकान बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, तुमी लोखंडाच्या दुकानात बसलाय."

---

पहिली सहल धारूरकडच्या डोंगरात. आम्ही तिघं आणि तंबू उचलायला अंकुश. नकाशावर एका जागी तपकिरी रेषा एकमेकींना अगदी चिकटून होत्या. मी म्हणालो, जिथं एवढ्या पायवाटा, तिथं माणसांचा वावर असणार. एखादं चहाचं हॉटेलही असेल. सगळ्यांना तिकडं घेऊन गेलो.

ऊन चढेपर्यंत चाललो आणि एका उभ्या कड्याच्या पायाशी येऊन थांबलो. मंगल दगडावर बसली. "वाट कुठाय?"

श्रुतीनं नकाशा घेतला. "पप्पा, ह्या वाटा न्हाईत. उंचीच्या रेषा हायेत. जितक्या जवळजवळ, तितका चढ उभा. तुमी नकाशावरचा सगळ्यात मोठा कडा हुडकलाय."

अंकुश वर बघत म्हणाला, "शोधायला निघालो असतो तर सापडला नसता, दाजी."

त्या दिवशी तंबू न लावताच परत आलो. घरी मंगल गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "मी आता न्हाई यायची." श्रुती बांधलेला तंबू तसाच माळ्यावर ठेवून आली. मला फार वाईट वाटलं. आता ही पोरगी अशीच पुण्याला जाणार, असं वाटत राहिलं. त्यानंतर मात्र मी मन लावून शिकलो. गिऱ्हाईक नसलं की पोरीपुढं वही-पेन्सिल घेऊन बसायचो. ते बघूनच बहुतेक, मंगल एक दिवस म्हणाली, "चला, अजून एकदा जाऊ."

---

या वेळी मी नकाशा नीट घडी घालून खिशात ठेवलेला. दर वळणाला काढायचा, बघायचा, ठेवायचा. सगळं बरोबर जुळत होतं. मंगलला म्हणालो, "आता सरळ सपाटी. मधे काहीच न्हाई."

थोड्या वेळानं मंगल गुडघाभर पाण्यात उभी होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिठाची पिशवी.

"नकाशात ओढा न्हाई म्हणलते ना तुमी? मग हे काय हाय?"

मी नकाशा पूर्ण उलगडला. उघडमीट करून कागद बरोबर ओढ्याच्या जागी झिजला होता. निळी रेघ पुसट दिसत होती.

"मंगल," मी म्हणालो, "ही घडी हाय."

---

तिसऱ्या सहलीला नकाशा श्रुतीकडं होता. मी मागितलाही नाही. दुपारीच तिनं आम्हाला छान जागी पोचवलं, तंबू उभा राहिला. गार वारं सुटलं होतं, म्हणून श्रुती आपलं जर्किन-टोपी मंगलजवळ ठेवून अंकुशबरोबर पाणी आणायला गेली. मी चुलीसाठी काटक्या आणायला निघालो. मंगल म्हणाली, "लांब जाऊ नका."

लांब गेलो नव्हतो. पण काटक्या गोळा करता करता वळलो, अजून एकदा वळलो आणि सगळी टेकाडं सारखी दिसायला लागली. हाका मारल्या, वाऱ्यात उडून गेल्या. नशिबानं रेंज होती. श्रुतीला कसं सांगायचं, म्हणून मंगलला फोन लावला.

"चुकलो वाटतं."

"ठेवा काटक्या खाली. बसा. काय काय दिसतंय, सांगा."

"दोन लिंबाची झाडं. आणि बरं का, खाली कुणीतरी आलंय राहायला. तंबू हाय. पाठीमागची बाजू दिसती. त्यांनाच वाट विचारतो."

"कोण कोण हायेत?"

"एक बाई हाय फक्त. जर्किन, टोपी. शहरातली असावी. चुलीपुढं बसून फोनवर बोलाय लागली."

खाली त्या बाईनं टोपी नीट केली.

"कशी वाटती बाई?"

"पाठमोरी हाय. पण बसायची पद्धत बघून रागीट वाटती."

"विचारा की मग तिला," मंगल म्हणाली, आणि ती बाई सावकाश मागं वळली.