नानांची अट आणि मेघाची ज्वारी

आमच्या ह्यांच्या नावाने पुरस्कार काढला, ही त्यांच्या विद्यार्थ्यांची पहिली चूक. आणि निवड ह्यांच्याच हातात दिली, ही दुसरी.

हे म्हणजे पितांबर नाना. जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. निवृत्त कॉलेजातून हं, घरात अजून वर्ग चालूच आहे. ओट्यावरच्या फडक्यात किती जंतू असतील, हे मी सकाळच्या चहाआधी ऐकते. भाजी दोनदा धुवा, नळ कोपराने बंद करा. एखाद दिवशी देवाच्या तीर्थालाही उकळी आणायला सांगतील!

पुरस्कार पीएच.डी. करणाऱ्या मुलांसाठी. ह्यांची अट काय, तर प्रयोग आमच्या घरी, ह्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा करून दाखवायचा. गेल्या वर्षीचा मुलगा पहिल्याच दिवशी जो पळाला, तो परत फिरकला नाही. झालं, पुरस्कार कोणालाच नाही! सगळी धावपळ करणारा हितेंद्र, ह्यांचाच जुना विद्यार्थी, माझ्यासमोर कपाळाला हात लावून बसला होता.

यंदा नरडाण्याकडची मेघा आली. तिचा विषय बिबडी, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून आंबवायची, दळून शिजवायची आणि कापडावर थापून वाळवायची. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी हेच चालतं. ती ज्वारी आंबवणारे जंतू कोणते, हे पोरगी चार वर्षं शोधत होती. पण तिचे गाईड म्हणाले, "पापडावर कसली पीएच.डी.? हा पुरस्कार मिळाला तर ठीक, नाहीतर विषय बदल." म्हणजे चार वर्षं पाण्यात!

पोरीने आमच्या माठात ज्वारी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं काम ह्यांनी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं. मी भाचीच्या हळदीला नशिराबादला गेलेली. दोन दिवसांनी परत येऊन बघते तो माठातून कुजका वास, मेघा पांढरीफटक, आणि हे परीक्षकाच्या आवाजात म्हणतायत, "प्रयोग फसला."

पोरीच्या डोळ्यांना धार लागली. माझं डोकंच फिरलं. "अहो, पोर रडी ऱ्हायनी, दिसत नही का तुम्हले?"

"विज्ञानात रडण्याला मार्क नसतात."

काय बोलावं अशा माणसाशी! पण पोरगी खमकी निघाली. ओढणीने डोळे पुसून तिने विचारलं, "सर, पाणी कोणतं घातलंत?"

"स्वच्छ. उकळलेलं."

"गार करून?"

हे माठाकडे बघायला लागले.

"सर, उकळतं ओतलंत?"

"नळाच्या पाण्याचा भरवसा नव्हता," हे पुटपुटले.

अगं बाई! आंबवणारे जंतू स्वतःच्या हाताने मारले, कुजवणारे तेवढे उरले, आणि ज्वारी आंबली नाही म्हणून पोरीला नापास करायला निघाले होते! हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना. हे चपला घालून तरातरा बाहेर पडले. मला वाटलं, संपलं सगळं. तर बाजारातून नवी ज्वारी घेऊन आले. "पुन्हा भिजव," म्हणाले, "मी माठाला हात लावणार नाही." लावला नाही खरा, पण दारात उभे राहून दिवसभर वास घेत होते. मला तर स्वयंपाकघरात जायची चोरी! शेवटी घरभर आंबूस वास सुटला, मेघाने आपले जंतू काचेखाली दाखवले, आणि ह्यांनी हितेंद्रला फोन लावला.

समारंभाला हॉल भरला होता. मेघाचे गाईड पहिल्याच रांगेत होते. भाषण लिहून दिलं होतं, ते ह्यांनी खिशातच ठेवलं. "हिचा पहिला प्रयोग फसला तो माझ्यामुळे," हे माईकवर म्हणाले. "ही बरोबर होती. मेघा, माझं चुकलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गाईडही उठून उभे राहिले. पोरगी हुंदके देत होती, माझेही डोळे भरून आले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "नाना किती मोठ्या मनाचे हो!"

मी टाळ्याही वाजवत होते आणि दातओठही खात होते. चाळीस वर्षं संसार केला मी ह्यांच्याशी. म्हणजे "माझं चुकलं" म्हणता येत होतं तर या माणसाला!