शिवेवरचं पान

रुक्मिणीच्या तोंडी एक शब्द दिवसातून दहा वेळा यायचा. शीव. पोरं खेळायला निघाली की, "शीव ओलांडू नका रे!" पाहुणा निघाला की त्याला शिवेपर्यंत पोचवायलाच हवं, मग आपले पाय का दुखेनात. सून नंदा लग्न होऊन आली तेव्हा या बाईने वस्तीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच वरात आत घेतली. रिक्षावाला मीटर चालू ठेवून गालातल्या गालात हसत होता. हसेना का! मुंबईत शीव म्हटलं की लोकांना स्टेशन आठवतं. देवगडकडच्या बाईला आठवते ती गावाची शेवटची कड. तिथे आपलं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. हा दुसरा कोण, ते संध्याकाळचं विचारू नये.

संपात गिरणी गेली तशी परळची खोलीही गेली. रुक्मिणीचा नवरा गुणाजी एका कंपनीत वॉचमन लागला आणि बिऱ्हाड मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी आलं. वस्तीतली सगळ्यांत शेवटची ओळ त्यांची. पाठीमागे दहा पावलांवर झाडी सुरू, ती थेट नॅशनल पार्कापर्यंत. पहिल्याच दिवशी रुक्मिणीने पाठचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. एवढी मोठी शीव आणि राखणदार कोण? कोणीच नाही!

गावाकडे अशी उघडी शीव कोणी ठेवत नाही. शिवेवर राखणदार असतो, त्याला वेळेवर राखण, म्हणजे भाताचं नि कोंबड्याचं पान, द्यायची, तो आपल्या माणसांना सांभाळतो. रुक्मिणीने काय करावं? झाडीच्या तोंडाशी एक काळा धोंडा होता, त्याला शेंदूर फासला आणि दर अमावास्येला दिवस कलताना त्याच्यापुढे पान ठेवायला लागली. पानावर मूठभर भात आणि नाक्यावरच्या कोंबडीवाल्याकडून आणलेल्या मुंड्या नि पाय.

गुणाजी वैतागायचा. "अगो, हयसर कसली शीव? मुंबईची हद्द थंय चेकनाक्यार. थंय जकातवाले बसलेत, ते राखतत."

"तुमचे जकातवाले ट्रक राखतत. माणसां कोण राखतलो?" रुक्मिणी म्हणायची. गुणाजी बिडी शोधायला लागायचा.

सकाळी बघावं तर पान चाटूनपुसून साफ. राखणदाराने मान घेतला म्हणून रुक्मिणी हात जोडायची, आणि महिनाभर तिला बरी झोप लागायची.

पुढे नंदाला दिवस गेले. नवरा तिचा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्यामुळे रुक्मिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात वस्तीत संडास दोन. एकाला दार नाही, दुसऱ्यापुढे मारुतीच्या शेपटासारखी रांग. बायका झाडीकडेच जायच्या, पहाटे नाहीतर संध्याकाळी. नंदाही जायची. रुक्मिणीने तिला बजावलं होतं, "धोंड्याच्या अल्याडच बस. थंय राखणदार बघता." आणि अमावास्येचं पान तिने दर बुधवारी केलं.

पावसाळा सरता सरता शेजारच्या शेवंतीचा कुत्रा नाहीसा झाला. मोती नाव त्याचं. शेवंती एकटी बाई, मूलबाळ नाही, त्या कुत्र्याला ती बशीतून चहा पाजायची. चार दिवस हाका मारत फिरली. मग वस्तीच्या कमिटीचा भीमराज सांगत आला, की चिखलात पंजे उठलेत, बशीएवढे. बिबट्या आहे. वस्तीचं धाबं दणाणलं. बायका घोळक्याने जायला लागल्या, हातात कंदील आणि वाजवायला थाळी. पोरांना दिवेलागणीला आत कोंडायला लागले.

आणि रुक्मिणी? तिला वाटलं, आपलंच काहीतरी उणं पडलं. राखणदार रुसला. तिने बुधवारच्या जोडीला रविवार धरला. मुंड्या वाढवल्या. पान दर वेळी सकाळी साफ. हात जोडून ती पुटपुटायची, "माझ्या सुनेक सांभाळ रे म्हाराजा. तुका काय कमी करूचंय नाय."

तो बुधवारच होता. नंदाला सातवा लागून आठ दिवस झाले होते. रुक्मिणी पान घेऊन पाठच्या दाराने निघाली. ऊन नुकतंच उतरलं होतं, अजून सगळं नीट दिसत होतं. धोंड्यापासून चार हातांवर नंदा टमरेल धरून उभी. एकटीच. घोळका निघेपर्यंत तिला दम निघाला नसणार, सातव्या महिन्यात कुणाला निघतो? आणि तिची पाठ धोंड्याकडे.

धोंड्यामागे तो बसला होता.

मासळी साफ करायला बसल्यावर दारात मांजर येऊन बसतं ना, तसाच. पुढचे पाय जुळवून, शेपूट गुंडाळून. रुक्मिणी ओरडणारच होती. पण तेवढ्यात तिला एक गोष्ट दिसली. तो नंदाकडे बघतच नव्हता. तो बघत होता रुक्मिणीकडे, तिच्या हातातल्या पानाकडे. तो तिला ओळखत होता.

एवढी वर्षं मान कोण घेत होतं, ते तिला तेव्हा कळलं.

"नंदा," ती कशीबशी बोलली. "पाठी बघू नको. हळू चल. घराक जा."

"काय झालं, आई?"

"जा म्हणतंय ना!"

नंदा निघाली. रुक्मिणी मात्र उलट्या बाजूला, झाडीच्या कडेकडेने चालायला लागली, पान पुढे धरून. तो उठला आणि तिच्यामागून चालू लागला. वाळक्या पानांवर त्याच्या पावलांचा आवाज येत होता, अगदी बेताचा. वीस पावलं गेल्यावर तिने पान झाडीत भिरकावलं, आणि मग लुगडं सावरत कशी पळाली, कुठे पडली, गुडघा कुठे फुटला, ते तिचं तिला सांगता आलं नाही.

नंदा सुखरूप होती. सगळी ओळ दारात जमली. नंदाने पळताना मागे वळून सगळं पाहिलं होतं, आणि तिने ते रडत रडत सांगितलं. मग काय! शेवंतीने रुक्मिणीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई गं, तुझ्या राखणीनं वाचवलं. माझ्या मोत्यासाठी मी कधी पान ठेवलं नाही, म्हणून गेला तो. आता मी पण ठेवणार."

"आपण सगळेच ठेवू," भीमराज म्हणाला. "वर्गणी काढू. पुऱ्या कोंबड्याचा मान देऊ." माना डोलल्या. दोघी जणी तर उठल्यासुद्धा, नाक्यावर जायला.

रुक्मिणी गप्प बसली असती तर वस्तीने तिला डोक्यावर घेतलं असतं. शेवंतीचा हात अजून तिच्या पायावर होता, आणि तो हात आता उचलला जाणार हे तिला माहीत होतं.

"शेवंते, थांब," ती म्हणाली. "पान ठेवू नकात. कोणीच ठेवू नकात. थंय राखणदार नाय. मीच त्या वाघाक खावक घातलंय, इतकी वरसां. मीच तेका सवय लावलंय. तुझो मोती माझ्यापायी गेलो गो."

शेवंतीने हात काढून घेतला, उठली आणि आपल्या घरात जाऊन तिने कडी लावली. मग एकेक करत सगळीच गेली. गुणाजी तेवढा उरला. तो चिडला नाही, आणि त्यानेच रुक्मिणीला जास्त रडू आलं.

रविवारी पान ठेवलं नाही. सोमवारी धोंड्याच्या अलीकडे पंजे उठले होते. मंगळवारी न्हाणीच्या मोरीपाशी.

बुधवारी दिवस कलायच्या आतच रुक्मिणीने पाठचं दार लावलं, अडसर घातला, वर पाटा टेकवला. नंदासाठी आत बादली ठेवली. गुणाजी काठी घेऊन बसला. थोड्या वेळाने दाराबाहेर काहीतरी येऊन बसलं. ओरबाडलं नाही, गुरगुरलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई," नंदाने पोटावर हात ठेवून हळूच विचारलं, "तो शीव ओलांडून आला?"

रुक्मिणीने पाट्याला पाठ लावली आणि दोन्ही पाय जमिनीत रोवले.

"मीच पान दाखवून हाडलंय तेका," ती म्हणाली. "तू माझ्या पाठी रव."