वरच्या मजल्यावरचे मासे

चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही! माझ्या हिंदीची चंदीगडात जी शोभा झाली, तीच ऐकायचीय ना तुम्हाला? ऐका मग.

केबल टीव्ही नुकताच घरोघरी येत होता, तेव्हाची गोष्ट. ह्यांची बदली झाली आणि आम्ही मालवणहून थेट सेक्टर एकवीसमध्ये, पहिल्या मजल्यावर भाड्याने. खाली घरमालक, आंटीजी आणि अंकलजी. माणसं सोन्यासारखी, पण अट एकच, "मीट-मछली बिल्कुल नहीं!" मालवणच्या बाईला हे! गिळली अट, काय करता?

खरी काळजी वेगळीच होती. आमची सायली, वय वर्षं आठ. घरात नुसती टकळी, पण नव्या शाळेत तोंडाला कुलूप. हिंदी सगळं कळायचं, पण बाहेर कुणाशी एक अक्षर बोलेल तर शपथ. तिच्या बाईंनी मला विचारलं, "बच्ची बोलती तो है ना?" काळजात चर्र झालं हो माझ्या.

अशात ह्यांच्या ऑफिसातले देशपांडे बदली होऊन निघाले. त्यांच्याकडे माशांची ही एवढी मोठी काचेची पेटी! माणूस आडवा झोपेल अशी. म्हणाले, "तुम्हीच न्या." सायली त्या पेटीपुढे बसून माशांशी गप्पा मारत होती, उठायलाच तयार नाही. मी तिथेच ठरवलं, पेटी आपल्या घरी येणार!

हे म्हणाले, "अगं, पाणी भरल्यावर वजन किती होईल? स्लॅब कोसळला म्हणजे? आधी खाली विचार."

विचारायचं कसं पण? 'मछली' म्हटलं की आंटीजींच्या नाकात तळणीचा वास शिरणार. म्हणून मी अक्कल लढवली. तो शब्दच काढायचा नाही. आपला साधा, सोज्वळ मराठी शब्द वापरायचा!

"आंटीजी, ऊपर मासे लाने हैं।"

"मासी? लै आओ जी, पुच्छणा की ए!"

आणा की, त्यात विचारायचं काय, असं म्हणाल्या. उच्चार जरा चुकला बाईंचा, पण भावना पोचल्या.

"वजन बहुत है। पानी पकड़ के तो और भी।" पाणी धरून, म्हणजे पाण्यासकट, असं सांगत होते हो मी!

आंटीजींनी गालाला हात लावला. "हाय रब्बा! पानी भर गया?"

"भरना तो पड़ेगा। उसके बिना जिएँगे कैसे?"

"डॉक्टर क्या कहता है?"

माशांना डॉक्टर! केवढी ही माया! "डॉक्टर नहीं लगता। चुटकीभर खाना, बस। ज़्यादा दिया तो मर जाते हैं।"

आंटीजींनी चुन्नी डोळ्यांना लावली. शाकाहारी माणसं हळवीच असतात, मी मनात म्हटलं.

मग अंकलजी वर आले. ते रिटायर्ड इंजिनियर. हॉलमध्ये धाडधाड पाय आपटून म्हणाले, "लेंटर पक्का है!" लेंटर म्हणजे आपला स्लॅब. "पर बीच में नहीं। दीवार के साथ, बीम के ऊपर। उठाएगा कौन?"

"आठ-दस आदमी तो लगेंगे।"

अंकलजी पांढरे पडले. "फिकर ना करो," एवढंच म्हणाले.

परवानगी मिळाली! सायली घरभर नाचली.

रविवारी टेम्पो आला. बघते तर काय, गेटपाशी अख्खी गल्ली! तगडे जवान बाह्या सरसावून उभे. कुणाची तरी मागून आणलेली चाकांची खुर्ची. शेजारचे डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून. आणि आंटीजींच्या हातात बिनमिठाची खिचडी! पंजाबी पाहुणचार ऐकून होते मी, पण माशांना खिचडी?

ताडपत्री निघाली. आत रिकामी काचेची पेटी, बाजूला सायली आणि तिच्या मांडीवर पाण्याच्या पिशवीत इवलेसे मासे.

आंटीजींनी टेम्पोत डोकं घालून इकडेतिकडे शोधलं. "मासी कित्थे ए?"

"ये क्या, मासे!" मी पिशवीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांच्या माना पिशवीकडे वळल्या. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "अगं बये, पंजाबीत मासी म्हणजे मावशी!"

मावशी! म्हणजे अंगात पाणी भरलेली, चिमूटभर खाऊन जगणारी, दहा जणांनी उचलायची माझी मावशी! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला. वर लपवाछपवीही उघडी पडली. सायलीने पिशवी छातीशी धरली, डोळे डबडबलेले. मी हात जोडले. "आंटीजी, मछली है। खाने की नहीं, सच्ची। बोलने का डर लगा।"

आंटीजींनी वाकून पिशवीतले मासे न्याहाळले. मग म्हणाल्या, "खानी मना है जी, पालनी किसने मना की?" आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की खिचडी सांडली. जवानांनी पेटी उचलून वर नेली, अंकलजींनी सांगितलेल्या भिंतीशी ठेवली. पाणी भरलं. लेंटर ढिम्म हलला नाही!

आंटीजी सायलीजवळ वाकल्या. "बेटा, अब और कोई भारी मेहमान तो नहीं आ रहा?"

मी उत्तराला तोंड उघडणार, तेवढ्यात आमची मुकी मैना सगळ्यांसमोर खणखणीत हिंदीत म्हणाली, "नहीं आंटीजी। और आगे से मम्मी कुछ बोलें ना, तो पहले मुझसे पूछ लिया करो।"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! लेक बोलली हो! मी आनंदाने सगळ्या गल्लीला पेढे वाटून आले. ती काय बोलली, ते पेढे संपल्यावर डोक्यात शिरलं.