तांब्याची साधी वायर

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी ठरवलं होतं, की एक वस्तू तरी अशी घ्यायची जी दादाने निवडलेली नसेल. माझी पहिली स्कूटर त्याने निवडली, मांजलपूरचा हा फ्लॅटही त्यानेच. मी लग्न केलं नाही, तर 'मीच तिच्या मागे लागलो नाही' असं तो पाहुण्यांना सांगतो. मला गाणी ऐकायला चांगला स्टिरिओ हवा होता.

खरं तर या वस्तूवरून त्याच्याशी पंगा घ्यायला नको होता. गोत्रीच्या त्याच्या घरात वरची एक आख्खी खोली स्टिरिओची आहे. रविवारी तिथे त्याचे मित्र जमतात आणि गाण्यापेक्षा केबलवर जास्त बोलतात. स्पीकरच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड, आणि फरशीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे. वहिनी तिथे केर काढताना साडी गुडघ्यापर्यंत धरून त्या ओलांडतात.

"जेवढे पैसे घालणार आहेस, त्यातला तिसरा हिस्सा केबलला ठेव," दादा म्हणाला.

"मग स्पीकर लहान घ्यावे लागतील."

"लहान घे. माझ्यावर विश्वास ठेव."

विश्वास ठेवून माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. मी एकटी दुकानात गेले. लहान आणि मोठे स्पीकर आलटून पालटून लावायला सांगितले. फरक कुणी समजावून द्यावा लागला नाही. मोठ्यांवर तानपुरा खोलीत येऊन बसल्यासारखा वाटला. मग दुकानदाराने भारी केबल लावून दाखवली आणि विचारलं, "बेन, फरक लाग्यो ने?" मला काही फरक जाणवला नाही, आणि मी तसं सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

पैसे स्पीकरमध्ये गेले, उरले ते ऍम्प्लिफायरमध्ये. वायर मी सोसायटीबाहेरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणली, घरात वापरतात तीच, तांब्याची, जरा जाड. टोकं पक्कडीने सोलली आणि स्वतःच जोडली.

नवरात्रीच्या आधीच्या रविवारी दादा दोन मित्रांना घेऊन ऐकायला आला. मी चहा ठेवला आणि गाणं लावलं. आवाज घुमत होता. खालचे सूर एकमेकांत कालवल्यासारखे आणि शब्द तर कळतच नव्हते. मला ते आधीपासून जाणवत होतं, पण लोकांसमोर जास्तच जाणवलं. एका मित्राने वाकून स्पीकरच्या मागे पाहिलं आणि तो हसला.

"ही तर गिझरची वायर आहे," तो म्हणाला.

दादा हसला नाही. तो मला हळूच म्हणाला, "सांगितलं होतं ना? बदलून टाक. उद्याच जाऊ."

"नाही जायचं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ते लोक चहा अर्धा ठेवून गेले.

आवाज कशामुळे घुमतो, ते मात्र मला कळत नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत मी पडदे धुवायला काढले, आणि त्या दिवशी गाणं आणखीच घुमायला लागलं. वायर तर तीच होती. मी पंखा बंद केला, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली. टाळी समोरच्या उघड्या भिंतीवरून परत आली. मग मी कामालाच लागले. कोपऱ्यात सरकवून ठेवलेले स्पीकर भिंतीपासून दूर ओढले. उघड्या भिंतीवर खिळे ठोकून जाड गोधडी टांगली. पुस्तकांचं कपाट इकडून तिकडे नेलं, त्यात कंबर धरली. खोली कुणाच्या तरी गोदामासारखी दिसायला लागली, पण गाणाऱ्या बाईने श्वास कुठे घेतला तेही ऐकू यायला लागलं. मी दुपारभर जमिनीवर बसून ऐकत राहिले, जेवायचंही सुचलं नाही.

भाऊबीजेला दादा आणि वहिनी आले. ओवाळून झालं तशी दादाने तबकात एक मखमली पिशवी ठेवली. पिशवीत केबल होती, त्याच्या स्वतःच्या खोलीतली.

"हे मी घेणार नाही," मी म्हटलं.

"ओवाळणी परत करतात का?"

"मग सतरंजी घाल ओवाळणीत. फरशी अजून उघडी आहे. केबल मला नको."

दादाचा चेहरा पडला. वहिनींनी कुणाचीच बाजू घेतली नाही. मी गाणं लावलं. दादा उठून जाईल असं वाटलं, पण तो बसून राहिला. दोन ओळी झाल्यावर त्याने डोळे मिटले.

"शब्द कळतात हो इथे," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे मला कधी कळले नाहीत."

गाणं संपल्यावर दादाने विचारलं, "वायर कोणती आहे?"

"तीच."

तो उठला, स्पीकरच्या मागे जाऊन त्याने स्वतः पाहिलं, वायरला हात लावला. "तरीपण चांगली केबल लावलीस तर अजून खुलेल," तो म्हणाला.

"खुलेल किंवा नाही खुलणार, पण ही बदलणार नाही."

त्याने पिशवी उचलून वहिनींच्या हातात दिली. जेवायला थांबला, पण बोलला फक्त बासुंदीबद्दल.

सतरंजी त्याने दिली नाही. मी स्वतःच आणली, लाल पट्ट्यांची. आता गुरुवारी संध्याकाळी दादा स्कूटरवरून येतो. गोत्रीला मित्र बोलत बसतात, गाणं ऐकता येत नाही, असं त्याचं म्हणणं. येतो, सतरंजीवर भिंतीला टेकून बसतो आणि मध्येच केबलचा विषय काढतो. मी आवाज थोडा वाढवते.